उद्याचा पाव

कोशकाकांना एखादा शब्द चावला की त्याचा कीस काढल्याशिवाय ते राहत नसत. त्या वर्षी त्यांना चावला तो 'एपिऊसिओस'. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचं नवं भाषांतर चर्चच्या मंडळाने त्यांच्याकडे सोपवलं होतं, आणि नेमका पाव मागायच्या ओळीत हा ग्रीक शब्द आडवा आला. जुन्या ग्रीकमध्ये तो दुसरीकडे जवळजवळ सापडतच नाही. कुणी म्हणतं 'रोजचा', कुणी 'जगायला लागेल तेवढा', कुणी 'उद्याचा'. तीन पंडित, तीन मतं, आणि मेले तिघेही शहाणे!

काकांची रीत अशी, की ओळ लिहिली की आधी बायकोला वाचून दाखवायची. तिच्या कानाला खटकली तर खोडायची. मागच्या थंडीत तिचं हृदय बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, एकेक दिवस आपला म्हणा, पुढचं विचारू नका. काकांना तर फक्त पुढचंच विचारायचं होतं. एका सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी त्यांनी वाचलं, "आमचा उद्याचा पाव आज आम्हांला दे."

"का, उद्या बेकरी बंद आहे?" ती म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी!"

"अगं, शब्दच तसा आहे. आपला 'परवा' नाही का, होऊन गेलेलाही आणि यायचाही."

"मग राहू द्या. उद्या आहे हे ऐकायला बरं वाटतं."

शब्द राहिला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात, कागदात गुंडाळलेले पावाचे चार तुकडे होते. तिला वाटलं यांनी आणले, यांना वाटलं तिने. कागदावर बेकरीचा शिक्का होता आणि तारीख उद्याची. काका तडक बेकरीत गेले.

बेकरीवाला हसला. "काका, उद्याचा पाव आम्ही उद्या भाजतो. आज कुठून देऊ?"

मग रोजच तसं होऊ लागलं. दोन तुकडे तिचे, दोन त्यांचे, तारीख दुसऱ्या दिवशीची. काकांनी डब्याला कुलूप लावून, किल्ली खिशात ठेवून पाहिलं. पाव असायचाच, आणि कोमट असायचा. भीती वाटायची, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर आनंदच जास्त व्हायचा. उद्या आहे, दोघांनाही आहे, हे रोज डबा उघडून पाहता येत होतं. असं सुख कुणाच्या नशिबी असतं?

एका सकाळी डब्यात दोनच तुकडे निघाले.

काकांनी तुकडे पुन्हा मोजले. कागद उलटा केला, डबा झटकला. दोनच. तारीख उद्याची. त्यांनी मसुदा ओढला, 'उद्याचा' खोडून 'रोजचा' लिहिलं, डबा झाकला, पुन्हा उघडला.

दोन.

कुणाचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आतल्या खोलीत तिच्या चपला वाजल्या. काकांनी दोन्ही तुकडे तिच्या ताटलीत ठेवले.

"आणि तुमचे?"

"मी खाल्ले," काका म्हणाले. जन्मात कधी क्रियापदाचा काळ न चुकवलेला माणूस तो.

ती सावकाश खात होती. शेवटचा घास गिळेपर्यंत काका तिच्याकडे बघत राहिले.

"असे काय बघताय?"

"काही नाही. खा तू."

दुसऱ्या दिवशी दोन तुकडे होते. तिसऱ्या दिवशीही दोन. काकांना भूक लागेनाशी झाली. अंग हलकं वाटत होतं, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखं. तिच्या गालांवर मात्र रंग आला. जिना ती कुठे न थांबता चढली.

"अगं, जपून," काका मागून म्हणाले.

तिने वळून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी मंडळाचे संपादक आले. तिच्याशी हळू आवाजात बोलले. टेबलावरचा मसुदा उचलताना थबकले. "इथे एक शब्द खोडून दुसरा लिहिलाय. त्यांना कुठला हवा होता?"

काकांनी तोंड उघडलं.

"उद्याचा," तीच म्हणाली आणि डोळे पुसले.

संपादक गेल्यावर तिने काकांची ताटली घासली, कोरडी केली आणि वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या भांड्यांत ठेवून दिली.

काका समोरच बसले होते.