'द्वारा लँटर्न'

सकाळचा उजेड लँटर्न हाऊसमध्ये एकदम शिरत नसे. आधी तो खाडीवरच्या धुक्यात विरघळून राही. मग जिन्यावरच्या खिडकीतून आत येऊन एकेक पायरी निरखत खाली उतरे, दारामागे टांगलेल्या अकरा मुलांच्या अकरा कोटांवरून हात फिरवल्यासारखा सरके आणि अखेर जेवणाच्या लांब टेबलावर, काकवीच्या बरणीत, तांबूस होऊन थबके. कोटांच्या रांगेतली बारावी खुंटी रिकामी होती. मर्डोचा कोट मार्चपासून त्याच्या बॅगेतच होता. पाहुण्याने खुंटी अडवू नये, असे तो म्हणे. त्याच्या बाबांची बोट लांबच्या खेपेवर गेली होती. ती आली की तो जाणारच होता.

"माझा शिक्का!"

प्रिंगलसाहेब पेजेचा चमचा हातात धरूनच उभे राहिले. टपालखात्याचे हे अधिकारी काल संध्याकाळी हॅलिफॅक्सहून आले होते. समुद्रात हरवलेल्या कोळ्यांची मुले पाऊणशे वर्षे सांभाळणाऱ्या या घराच्या गौरवार्थ आज तिकीट निघणार होते. अकरा वाजता त्यावर खास शिक्का उमटायचा होता, फक्त आजच्या दिवसापुरता.

"जड म्हणून पार्सलने पुढे पाठवला, आणि तो पोहोचलाच नाही?"

"पोस्टातल्या विल्माबाई म्हणतात, आमच्याकडे नाही," घर सांभाळणाऱ्या झ्विकरबाई म्हणाल्या. "साधा शिक्का मारू म्हणतात."

"साधा? तो तर विजेच्या बिलावरही असतो!" मुलांमधली ओडेट उसळली. "आणि आयडाबाई? या घरातली पहिली मुलगी! ऐंशीच्या वयात दोन दिवस बसने येतायत त्या शिक्क्यासाठी!"

"चोरी!" दहा वर्षांचा जोनास ओरडला. "नक्की चोरी!"

"चोर त्याचं काय करणार? कपाळावर मारून घेणार?" ओडेट म्हणाली.

मर्डोने हळूच विचारले, "साहेब, पत्ता काय लिहिला होता?"

"'प्रिंगल, द्वारा लँटर्न हाऊस.' मी इथं पाहुणा आहे ना, बाळ! म्हणून 'द्वारा'."

मर्डोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गप्प बसणे सोपे होते. पण तो वर गेला आणि पत्रांचा गठ्ठा आणून त्याने टेबलावर ठेवला.

ओडेटने नाक धरले. "ई! पत्रं आहेत की बांगडे?"

"मावशीची आहेत. नेहमी पाच-सहा दिवस उशिरा येतात, आणि असा वास घेऊन."

"आमच्या पत्रांना नाही येत वास!"

"तुमच्या पत्त्यात 'द्वारा' नसतं."

"मग तुझ्याच पत्त्यात का असतं?"

"मीच सांगितलंय मावशीला तसं लिहायला."

मग ओडेटने टेबलावर थाप मारली. "या गावात 'द्वारा' लिहून पत्रं कुणाला येतात? बोटीवरच्या लोकांना! विल्माबाई 'द्वारा लँटर्न' एवढंच वाचतात आणि टाकतात—"

"'लँटर्न' मासेमारी बोटीच्या थैलीत!" जोनास किंचाळला. "ती आठला सुटते!"

"जाकिटं घाला रे!" झ्विकरबाई मागून ओरडत राहिल्या.

धक्क्याच्या फळ्यांवर मर्डोचे पाय अडखळले. मार्चपासून तो इकडे फिरकला नव्हता. 'लँटर्न' दोर सोडून निघाली होती. धुक्यामुळे ती अगदी हळू चालली होती; तिचा भोंगा तेवढा ऐकू येत होता. खाली एक लहान होडी बांधलेली होती.

"मला वल्हवता येत नाही," ओडेट म्हणाली, "आणि जोनास होडी गोल गोल फिरवतो."

"एकदाच फिरली होती!"

"मी वल्हवतो," मर्डो म्हणाला.

पाठ ताठ, घाई नाही, पाण्याशी भांडण नाही. बाबांनी शिकवलेले सारे त्याच्या मनगटांत अजून शाबूत होते. भोंग्याच्या दिशेने होडी सरळ गेली, आणि धुक्यातून बोटीची काळी बाजू एकाएकी समोर उभी राहिली.

"काय रे पोरांनो, पोर्तुगालला निघालात का?" वरून बोटीच्या तांडेलाने विचारले.

"काका, टपालाची थैली! थैली द्या!"

थैलीत पार्सल होते! ते खाली देताना तांडेल मर्डोकडे पाहत राहिला. "तू रोडरिकचा ना? वल्ही थेट त्याच्यासारखी मारतोस. फार चांगला माणूस होता."

'होता.' हा शब्द मर्डो नेहमी दुरुस्त करी. या वेळी त्याने केला नाही.

धुक्यात वाट चाचपडत, अकराला दहा मिनिटे असताना तिघे ओलेचिंब होऊन परतले. विल्माबाई लाजून लालबुंद झाल्या. "वीस वर्षं डोळे मिटून टपाल लावते मी!"

"तेच तर!" ओडेट म्हणाली. त्यावर सगळ्यांत मोठ्याने विल्माबाईच हसल्या.

"टपालखात्याला तुमच्यासारखी माणसं हवीत!" असे म्हणून प्रिंगलसाहेबांनी तिघांशी हात मिळवले. पहिला ठसा आयडाबाईंच्या पाकिटावर उमटला. त्यांनी तो बराच वेळ फुंकर घालून वाळवला. मग त्या मुलांना म्हणाल्या, "आता तुमची पाकिटं. स्वतःचाच पत्ता घाला. उद्या टपालाने घरी येतील."

मर्डोने नाव लिहिले. खालच्या ओळीवर पेन थांबले. मग त्याने सावकाश लिहिले: लँटर्न हाऊस, गल हार्बर.

ओडेट वाकून पाहत होती. "अरे, 'द्वारा' राहिलं तुझं."

"राहिलं नाही," मर्डो म्हणाला. "बाबा गेले, ओडेट. मी इथेच राहतो."