पिशवीची गुळगुळीत बाजू

वसईजवळ कामणच्या गोदामात पंखा कोणी लावला, हे नंतर कोणीच कबूल केलं नाही. पण तो लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी एका अनोळखी तरुणाने हातातल्या डब्याचं झाकण उघडलं. डब्यात राख होती. दोन सेकंदांत ती विनया वर्तकच्या अंगावर होती — केसांवर, पापण्यांवर, पिस्ता रंगाच्या कुर्त्यावर.

"अरे बापा! लागलं तर नाही ना?"

"राख लागते का कोणाला?" विनयाने डोळे पुसले. "आणि ही... कोणाची आहे?"

"माणसाची नाही जी! कोळशाची आहे. आमच्या चंद्रपूरकडची."

"पाहुणे आले की पेढे आणतात."

"पाहुणा कुठला? गोखिवऱ्याला मर्विन सरांचा कारखाना आहे, फिल्टरच्या पिशव्या शिवतात तो. तो शोधून राहिलो. रिक्षावाल्याने त्यांच्या या गोदामावर आणून सोडलं."

विनयाने रुमाल खाली केला. ती फेल्टच्या जाड कापडाचा नवा रोल घ्यायला आली होती. मर्विन सरांकडे तयार पिशवीवर शेवटची सही तिचीच असे.

"चला, मी तिथेच जातेय," ती म्हणाली. "डबा मात्र बंद करून."

टेम्पोत पुढे ड्रायव्हर, मध्ये विनया, कडेला डबा मांडीवर घेतलेला तो. नाव संग्राम उरकुडे, वय एकोणतीस, एका लहान वीज केंद्रात इंजिनिअर. केंद्रापासून चौदा किलोमीटरवर कोळशाची खाण. वडील तिथेच नोकरीला होते.

"कोळसा दारात," तो म्हणाला, "आणि आम्ही त्यात समुद्रापलीकडचा आणून मिसळतो. काहून? तर आपल्या कोळशात राख फार. धूर गाळायचं जुनं यंत्र तिला पुरत नाही. माझी आई दोरीवरच्या साड्या संध्याकाळी परत धुते."

"मग बाहेरचाच कोळसा बरा की."

"नाही जी! यंत्र बदला ना, कोळसा काहून बदलता? तुमच्या पिशव्यांनी ही राख अडवली, तर पूर्ण केंद्र आपल्या कोळशावर चालेल. धूरही स्वच्छ." तो थांबला. "अर्थात... अडवली तर."

"आमच्या पिशव्या अडवतात," विनया म्हणाली.

"हे तुम्ही सही करून सांगता का?"

"सहीशिवाय मी काहीच सांगत नाही."

तो हसला. विनयाने समोर रस्त्याकडे बघितलं. टेम्पो गोखिवऱ्यात शिरेपर्यंत ती तशीच बघत राहिली.

केंद्राची अट सरळ होती. बारा पिशव्या शिवायच्या, शेडमधल्या चाचणीच्या पेटीत लावायच्या आणि तीन दिवस त्यांच्यावर गरम हवेतून, चंद्रपूरहून पोत्यांनी मागवलेली, राख सोडायची. गाळलेल्या हवेत घनमीटरला तीस मिलिग्रामच्या आत धूळ निघाली, तर केंद्राची ऑर्डर. जास्त निघाली, तर संग्रामचा प्रस्ताव कायमचा बंद. दोन वर्षं तो त्याच्यामागे होता.

कारखान्याची एक रीत होती. फेल्टची एक बाजू भाजून गुळगुळीत केलेली असते, दुसरी खरबरीत. राख गुळगुळीत बाजूवर बसते आणि हवेचा झटका दिला की गळून पडते, म्हणून ती बाजू बाहेर हवी. विनया प्रत्येक तुकडा हाताने चाचपून खरबरीत बाजूला खडूने फुली मारी. मालनमावशी फुली आत जाईल अशी पिशवी शिवत. वीस वर्षं त्यांनी फुलीखेरीज दुसरं काही बघितलं नव्हतं. बघायची गरजच पडली नव्हती.

त्या सकाळी विनया तुकडे चाचपत होती आणि संग्राम समोरच्या स्टुलावर बसला होता.

"तुमच्या सांडोर गावाला काय काय पिकतं?"

"केळी. भाजी. माझे काका पहाटे चारला फुलं तोडतात."

"आणि तुम्ही?"

"मी सातला उठते आणि बोलणी खाते."

"आमच्याकडे अशा मुलीला..."

"काय म्हणतात?"

"सांगू का नको, विचार करून राहिलो."

मालनमावशींनी मशीन थांबवलं. "अगो बाय, हा मानूस पिशव्या बघाला आलाय का तुला? एक काय ते ठरवा. मला फुल्या मारून दे."

विनयाचे कान तापले. तिने मान खाली घातली आणि भराभर फुल्या मारल्या. बारा तुकडे, बारा फुल्या. मग शिवून आलेल्या पिशव्यांवर नेहमीची सही, न चाचपताच.

तीन दिवस पेटी घुमत राहिली. दर दोन तासांनी आकडे घ्यायचे असत. संग्राम वाचे, ती लिही. मधल्या वेळेत दोघं शेडच्या मागच्या पायरीवर चहा घेत. दुसऱ्या दिवशी तिच्या हनुवटीवर राख लागली. तो ती पुसायला पुढे झाला, आणि हात अर्ध्यावरच थांबला...

"पुसा की," ती म्हणाली.

"माझेच हात काळे आहेत."

"मग राहू दे." पण ती जागची हलली नाही. तोही.

तीसच्या आत चाललेला आकडा तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला एकदम चढला. एकाहत्तर.

संग्रामने आकडा दोनदा तपासला, वही मिटली आणि जिना चढून ऑफिसात गेला. रिपोर्ट त्याच दिवशी पाचपर्यंत पाठवायचा होता. जेवायला तो खाली आला नाही.

विनयाने जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. पेटीतून काढलेल्या पिशव्या कोपऱ्यात पडल्या होत्या. तिने एक उचलून झटकली. राख पडली नाही, कापडात मुरून बसली होती. तिने बोटाने ती खरवडली. खाली खरबरीत लागलं. दुसरी पिशवी, तशीच. तिसरी. बाराव्या पिशवीपर्यंत सगळ्यांवर तेच.

"मावशी," ती म्हणाली, "या उलट्या आहेत."

मालनमावशींनी एक पिशवी आतून बघितली. खडूची फुली जागेवर होती, गुळगुळीत बाजूला. "फुली तुझीच हाय, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "मी आपली फुली बघून शिवली."

"माहितीये."

साडेतीन वाजले होते. न सांगणं सोपं होतं. राखच वाईट, कोळसाच वाईट, असा रिपोर्ट जाईल आणि तिच्या सहीवर कोणी बोट ठेवणार नाही. सांगितलं तर आठ वर्षांची नोकरी मर्विन सरांच्या हातात. विनयाने पिशवी उचलली आणि जिना चढली.

मर्विन सर फोनवर होते. संग्राम लॅपटॉपसमोर.

"पाठवलात?"

"शेवटची ओळ लिहून राहिलो. 'स्थानिक कोळशाची राख या पद्धतीला योग्य नाही.'"

"ती ओळ खोडा. राख योग्य आहे. पिशव्या उलट्या शिवल्या गेल्यात, बाराच्या बारा." तिने पिशवी टेबलावर ठेवली. "फुल्या मी चुकीच्या बाजूला मारल्या. चूक माझी आहे. मावशींची नाही."

मर्विन सरांनी फोन ठेवला. "विनया? आठ वर्षांत तुझी एक फुली चुकली नाही."

"हो, सर."

"मग या बारा कशा चुकल्या?"

विनयाने संग्रामकडे बघितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे बोलणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

"हे समोर बसले होते," ती म्हणाली. "माझं हातांकडे लक्ष नव्हतं... यांच्याकडे होतं."

मर्विन सर खोकले. उगाचच खोकले. मग, "मी खाली जाऊन येतो," म्हणून जिना उतरले. पाच पायऱ्या उतरून वळले आणि ओरडले, "नोकरी आहे तुझी! पण आजच्या आज नवे बारा कापायचे. मी स्वतः चाचपणार!"

संग्रामने शेवटची ओळ खोडली. मग केंद्रातल्या साहेबांना फोन लावून चार दिवस मागितले. पलीकडून बरंच बोलणं झालं. तो फक्त "हो सर" म्हणत होता. फोन ठेवल्यावर त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मिळाले?" विनयाने विचारलं.

"मिळाले." त्याने हात काढले. डोळे ओले होते आणि तो हसत होता. "दोन वर्षं पाण्यात गेली, असं समजून बसलो होतो मी. तुम्ही न सांगताही चाललं असतं."

"तुमचं चाललं नसतं."

"म्हणून सांगितलं?"

"खरं होतं म्हणून सांगितलं." ती थांबली. "दोन्ही."

दुसऱ्या चाचणीचे तीन दिवस संग्रामला शेडमध्ये यायची बंदी होती. ती मालनमावशींनी घातली होती. तो बाहेर पायरीवर बसून आकड्यांची वाट बघे आणि विनया दर दोन तासांनी दारातून कागद पुढे करी. शेवटच्या दिवशी तिने कागद दिलाच नाही. ती स्वतः बाहेर आली.

"अकरा," ती म्हणाली.

"वाजले?"

"मिलिग्राम."

तो पायरीवरून उठला, परत बसला, परत उठला. आतून मालनमावशी म्हणाल्या, "आता येऊ दे त्याला. पानी तरी दे."

रिपोर्ट दुपारी गेला. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: अभिनंदन, उद्या निघून या.

"निघणार?" विनयाने विचारलं.

"एक दिवसाची रजा टाकली. वसई बघायची राहिली आहे."

"काय काय बघायचंय?"

"दाखवणारीने ठरवावं."

तिने पर्स खांद्याला लावली, स्कूटरची किल्ली काढली. चेहरा हिशेबी ठेवायचा तिने प्रयत्न केला. तो काही जमला नाही.

"उद्या सकाळी सातला सांडोरला या. केळीला पाणी सोडायची माझी पाळी आहे."

"सातला तर तुम्ही उठता ना?"

"उद्या सहाला उठेन. आई घरीच असते... बाबासुद्धा."

संग्रामच्या चेहऱ्यावरचं हसू जरा थबकलं. "आई-बाबा असताना येऊ?"

विनयाने स्कूटर चालू केली.

"असतानाच ये," ती म्हणाली.