मोरीत गेलेला रस्सा

"एकतीस वर्षांचा रस्सा, साहेब! एका सकाळीत मोरीत गेला."

सुन-याँग हे तिसऱ्यांदा सांगत होती. कोरियातल्या गुनसान बंदरातली ही खाणावळ तिच्या सासूची, बोंग-ने आजींची. इथे एकच पदार्थ मिळायचा: उकडलेलं डुकराचं मांस, कोबीच्या पानात गुंडाळून खायचं. ते ज्या हंड्यातल्या रश्श्यात उकडत, तो हंडा कधीच रिता होत नसे. रोज थोडी भर पडायची, इतकंच.

खाजगी गुप्तहेर ओक मान-होने दाराशी बूट काढले. गुडघे दुखत होते.

"संशय कोणावर?"

"आईंचा संशय आचारी दल-सूवर आहे. आज सकाळीच त्याला हाकललं."

"तुमचा?"

"मला काय कळणार? मी बाहेर गिऱ्हाईक बघते. आई मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत." ती थबकली. "बुधवारी मात्र दोन जुनी गिऱ्हाइकं ताट तसंच टाकून उठली. आईंनी ती ताटं स्वतः उचलली."

मागच्या अंगणात हंडा लख्ख घासून पालथा घातला होता. मोरीभोवतीच्या फरशीवर चरबीचा थेंबही नव्हता.

"अहो, काहीतरी करपतंय!" मान-होचा मदतनीस प्यो ओरडला आणि आत धावला.

शेगडीवरच्या भाताचा कोळसा झाला होता. शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, बोंग-ने आजी लसूण सोलत होत्या.

"बोंबलायला काय झालं?" त्या म्हणाल्या.

दल-सू धक्क्यावर सापडला. "मंगळवारी म्हटलं, रश्श्याला आंबूस वास येतोय. म्हातारी कडाडली, माझं नाक तुझ्या बापाच्या वयाचं आहे! बावीस वर्षं राबलो, साहेब. आता चोरासारखा बाहेर."

"त्यानेच ओतला," परतताना प्यो म्हणाला. "अपमान झाला ना!"

खाणावळीत येऊन मान-हो आजींसमोर बसला.

"हंडा उलटला असता, तर फरशीभर चरबी पसरली असती. कोणीतरी तो पळीपळीने उपसला. आणि सूड उगवणारा माणूस नंतर हंडा घासत बसत नाही, आजी. ज्याचा हंड्यावर जीव असतो, तोच बसतो."

आजींचे हात थांबले.

"भात मघाशी तुमच्या पाठीशी करपला. तुम्हाला वास आला नाही. रश्श्याचाही आला नव्हता. दल-सू खरं बोलला, हे तुम्हाला बुधवारच्या ताटांनी सांगितलं."

आजींनी सोललेला लसूण बाजूला सारला.

"चार महिने झाले," आजी म्हणाल्या. "तापातून उठले, आणि वास म्हणून काही उरलाच नाही. नासलेलं लोकांना कसं वाढू?"

"मग दल-सूचं नाव का घेतलंत, आई?" दारातून सुन-याँगने विचारलं.

"दुसरं कोण होतं, पोरी?" आजींनी डोळे मिटले. "दमले गं मी. त्याला फोन कर. ये म्हणावं. माफीबिफी मागणार नाही मी."

सुन-याँगने नंबर लावला आणि फोन सासूच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

पलीकडून दल-सूचा आवाज आला. आजींनी दोनदा तोंड उघडलं, मिटलं.

"दल-सू," त्या अखेर म्हणाल्या, "मला वास येत नाही रे."