फुलीचं घर

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी नाकाडोंगरीच्या ग्रामपंचायतीसमोर शिडीवरून पांढऱ्या रंगाचा डबा पडला. निम्मा रंग हर्षा गोंडाणेच्या निळ्या लसपेटीवर सांडला, उरलेला तिच्या उजव्या चपलेवर.

हर्षाने आधी पेटीचं झाकण पाहिलं. घट्ट होतं. आत बर्फात पोलिओ लसीच्या बाटल्या सुखरूप होत्या. मग तिने वर पाहिलं.

शिडीवर एक सडपातळ तरुण ब्रश दातांत धरून उभा होता. भिंतीवर त्याने लिहिलं होतं – ‘पाच वर्षांखालच्या प्रत्येक बाळाला, प्रत्येक वेळी पो’. पुढचं राहिलं होतं.

“लागलं काय जी?” ब्रश काढून त्याने विचारलं.

“मला नाही. पेटीला.”

“पेटी त बोलत नाई. तुम्ही सांगा – रागावल्या काय?”

“मी आरोग्यसेविका आहे. रागवायला मला फक्त सुट्टीच्या दिवशी वेळ मिळतो.”

“मंग सुट्टी कधी असते?”

हसू आलं, ते तिने चपलेकडे बघत लपवलं.

इथल्या उपकेंद्रात रुजू होऊन तिला चारच महिने झाले होते. मूळची सिहोऱ्याची. कामावर पुस्तकी बोलायची. चिडली की गावची बोली आपोआप तोंडात यायची. त्या दिवशी तिचं पोलिओचं टेबल त्याच भिंतीसमोर, कडुनिंबाखाली होतं. बाळाच्या जिभेवर दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर काळी खूण. पेंटरचं नाव अश्विन. भिंतीवरचं ते एक वाक्य पूर्ण करायला त्याला पाच तास लागले.

“सिस्टर, पाणी घ्या,” अंगणवाडी सेविका उषाबाईंनी तांब्या पुढे केला.

“सगळं गाव याइले सिस्टरच म्हणते काय?” शिडीवरून प्रश्न आला.

“मग काय म्हणतील?” हर्षाने विचारलं.

“गावाचं गाव जाने. मले ते नाई जमणार.”

उषाबाई पदराआड हसल्या. “डबा सांभाळ, पेंटर.”

तो शिडी उतरला आणि टेबलावरचा खडू उचलून बोटांत फिरवू लागला. “हा कायले?”

“उद्यापासून घरोघरी जायचं. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर इंग्रजी पी लिहायचा. एखादं मूल राहिलं, घरचे नाही म्हणाले, कुलूप असलं... तर फुली.”

“फुली म्हंजे कट्टी?”

“उलट. फुलीच्या घरी परत जायचं. काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा.”

“अन् पीच्या घरी?”

“तिथलं काम झालं. तिथे कोणी जात नाही.”

ब्रशच्या टोकावरचा थेंब मातीत पडला. मग तो हसला. “मंग माह्या दुकानावर फुलीच काढून ठेवा. म्हंजे... याल परत.”

स्कूटीवर पेटी बांधताना तिने दोनदा मागे पाहिलं, आणि दोन्ही वेळा तो पाहतच होता.

पुढचे तीन दिवस ती आणि उषाबाई घरोघरी फिरल्या. एक गावाच्या या टोकाकडून, दुसरी त्या टोकाकडून. मार्च महिना. मोहफुलं वेचायला अर्धं गाव पहाटेच जंगलात गेलेलं असायचं. अंगणात चटयांवर फुलं वाळत पडलेली, हवेत तो गोड, जड वास. बुधवारी हर्षा तळ्याकाठच्या वस्तीत पोहोचली तेव्हा लागोपाठ नऊ दारांवर पी होता. खाली तारीखही. उषाबाई आधीच येऊन गेल्या असतील, असं समजून ती पुढे गेली. उषाबाईंना तिने विचारलं नाही.

शुक्रवारी तुमसरच्या रस्त्यावर पोलिसाने तिची स्कूटी अडवली. वडिलांची जुनी गाडी, नंबरप्लेटवरचा रंग उडालेला. संध्याकाळी ती अश्विनच्या दुकानासमोर उभी राहिली.

“नंबर सांगा,” तो म्हणाला.

“गाडीचा?”

“सध्या गाडीचाच.”

तिने सांगितला. एमएच छत्तीस, पी, पुढचे आकडे. तो मांडी घालून खाली बसला आणि बारीक ब्रशने अक्षरं काढू लागला. पी काढून झाल्यावर त्याने त्याच्या तळाशी एक छोटी रेघ ओढली. पाऊल पुढे टाकावं तशी, डावीकडे वळलेली.

“पीला पाय कशाला?”

“उभं राहाले. पायाबिगर अक्षर पडते, हर्षाजी.”

नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. घेतलं आणि लगेच मान खाली घातली.

“वाळायला किती वेळ लागेल?” थोड्या वेळाने तिने विचारलं.

“रंग त पाच मिन्टात वाळते. बाकी तुमच्या मनावर आहे.”

ती पाऊण तास थांबली.

मंगळवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी उपकेंद्राचं दार वाजलं. अश्विन होता. अनवाणी, धापा टाकत.

“सिस्टर...”

हर्षाचा रजिस्टरवरचा हात थांबला. त्या शब्दाने त्याने तिला कधीच हाक मारली नव्हती.

“सिस्टर, बबलीचा पाय... उचलतच नाई. उठली अन् खाटेखाली पडली.”

बबली त्याच्या मोठ्या भावाची मुलगी, तीन वर्षांची. भाऊ-वहिनी नागपूरला बांधकामावर. बबली आजीजवळ, तळ्याकाठच्या घरात. हर्षा पोहोचली तेव्हा ती खाटेवर टक्क डोळ्यांनी छताकडे पाहत होती. परवा ताप येऊन गेला होता. डावा पाय हर्षाने गुडघ्यातून उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला.

तिने बबलीचा डावा हात हातात घेतला. करंगळीचं नख स्वच्छ होतं. टेबलावर डोस घेतलेल्या मुलांच्या नखांवर नऊ दिवसांपूर्वीची काळी खूण तिने कालच पाहिली होती.

ती उठून दारापाशी आली. दारावर पी होता. पीच्या तळाशी एक छोटी रेघ होती, डावीकडे वळलेली. अंगणात तिची स्कूटी उभी होती, नंबरप्लेट दाराकडे करून.

तिने दाराकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे. कोंबड्या ओरडत होत्या, पण आवाज फार लांबून येत असल्यासारखा वाटत होता.

“हा पी कोणी काढला?”

अश्विन बबलीच्या खाटेकडे वळला.

“अश्विन.”

“मी.”

“अन् बाकीचे आठ?”

“शेजारचे म्हणले, आमच्याबी दारावर काढून दे. मी... काढून देलो.”

“तुले कोणं सांगतलं पी म्हंजे काय ते?” पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली होती.

“तुम्हीच. रविवारी.”

तिने चौकट धरली. आपणच गमतीगमतीत सांगितलं होतं, आणि तेव्हा त्याचं पाहणं आपल्याला आवडत होतं... हे तिला त्याच क्षणी, सगळं एकदम आठवलं.

“त्याले नको बोलू, बाई,” आतून आवाज आला. बबलीची आजी, अश्विनची आई, वच्छलाबाई. “मीनंच सांगतलं त्याले. दारात नर्स आली की माहा जीव जाते. दोन वर्सं झाले, माह्या पोरीचं लेकरू... डोस देऊन आणलं अन् चवथ्या दिवशी गेलं. कोणी फिरकलं नाई इकडं. तीन महिन्यानं एक कागद आला. इंग्रजीतला.”

“कुठे आहे कागद?”

पत्र्याच्या पेटीतून कागद निघाला. घड्यांवर फाटलेला. हर्षाने रुग्णवाहिकेला फोन लावला आणि ती येईपर्यंत खाटेच्या काठावर बसून कागद वाचला, सावकाश, मराठीत. बाळाला आठ दिवसांपासून खोकला होता. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया झाला होता. मृत्यू त्याने झाला. लसीचा संबंध नव्हता.

“पुन्हा वाच,” वच्छलाबाई म्हणाल्या.

तिने पुन्हा वाचला.

“खोकत व्हतं,” त्या हळूच म्हणाल्या. “आठ दिवस खोकत व्हतं खरंच. मंग हे आमाले तवाच कोणी सांगतलं काहून नाई?”

हर्षाने कागदाची घडी घातली. “चुकलं,” ती म्हणाली. “सांगायला पाहिजे होतं.”

“अन् आता माह्या बबलीचं?”

“पोलिओच असेल असं नाही, आजी. पाय लुळा पडायची दुसरीही कारणं असतात. तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.”

बबलीला भंडाऱ्याच्या रुग्णालयात नेलं; नागपूरहून तिचे आई-वडील थेट तिथेच पोहोचले. चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले, बर्फाच्या पेटीतून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवले. हर्षाने वरिष्ठांना द्यायच्या अहवालात एक ओळ स्वतःहून लिहिली – ‘बुधवारी नऊ घरे मी आत न जाता सोडली.’ खाली सही केली.

गुरुवारी सकाळी ती लसपेटी घेऊन वस्तीत आली तेव्हा अश्विन ओलं फडकं घेऊन पहिल्या दारापाशी उभा होता. शेजारी वच्छलाबाई, हातात तो कागद. त्याने पी पुसला आणि घरातल्यांना हाक मारली.

“मी खोटं लिवलो होतो. लेकरू बाहेर आना.”

“आन बाबा,” वच्छलाबाई म्हणाल्या. “आमचं लेकरू खोकल्यानं गेलं. मीनं उगाच दुसऱ्याले दोष देल्ला. हा पाहा कागद, सिस्टरनं वाचून दाखवला.”

बबलीच्या पायाची बातमी प्रत्येक घरात आधीच पोहोचली होती. आठांपैकी सात घरांनी मुलं बाहेर आणली. आठव्या दारात रंभाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“तूनंच लिवला, आता तूनंच पुसला. उद्या काय लिवशीन?”

“उद्या काई नाई, काकू. पेंटरची चूक पेंटरनंच पुसा लागते.”

“मंग पूस. माहा नातू नाई येत बाहेर.”

दार लागलं. हर्षाने त्यावर फुली काढली आणि तारीख घातली.

दुकानापर्यंत दोघं एका रस्त्याने आले, मध्ये स्कूटी. ती ढकलत होती. त्याने हात पुढे केला नाही.

“हर्षाजी...”

“सिस्टर म्हण.”

“नाई जमत. त्या दिवशी निघालं तोंडातून... भेव वाटला व्हता.” तो थांबला. “तुम्ही मले आवडता. शिडीवरूनच आवडल्या. अन् तुमच्याच तोंडचं घेऊन मी तुमालेच फसवलो. हे आता बोलाले तोंड नाई, माहीत आहे मले. पण लपवलेलं एक तरी कमी व्हावं.”

रस्त्यावर मोहाचा वास होता, आणि तिला तो सहन होत नव्हता.

“तुह्या पीवर मीनं भरोसा ठेवला,” शेवटी ती म्हणाली. “दार न वाजवता.”

“प्लेट पुसून दुसरी काढून देऊ काय?”

“नको. दिसू दे मला रोज.”

तिने स्कूटी उभी केली. खिशातून खडू काढला. दुकानाच्या बंद शटरवर एक तिरकी रेघ ओढली... थांबली... मग दुसरी. खाली तारीख घालून ती निघून गेली.

अश्विन त्या फुलीसमोर किती वेळ उभा होता, हे समोरच्या चहावाल्याने नंतर उषाबाईंना सांगितलं. दोन चहा थंड झाले, म्हणाला.

रविवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत एवढं समजलं आहे. भंडाऱ्याच्या वॉर्डात बबली खाटेची पट्टी धरून उभी राहिली. डावा पाय जमिनीला टेकला, उचलता आला नाही. रंभाबाईंच्या दारावर फुली आहे, हर्षा तिथे तीनदा जाऊन आली. अश्विनच्या शटरवरही फुली आहे. दुकान बंद असलं तरी तो ती कोणाला पुसू देत नाही. तिथे हर्षा अजून परत गेलेली नाही. मुंबईहून अहवाल आलेला नाही.