आतून मारलेली गाठ

जुनी खेळणी दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्याही काही कमी नव्हत्या. "माझा एकही पेशंट कुरकुर करत नाही," असं त्या ठसक्यात सांगत. एका दुपारी एक आजी त्यांच्याकडे टॉवेलात गुंडाळलेला टेडी घेऊन आल्या. आधी तो आजींचा होता, मग त्यांच्या लेकीचा झाला. असल्या जुन्या टेडीवर संग्रह करणारे जीव टाकतात, पण आजींना तो विकायचा नव्हता.

"आडवा करून उभा केला की गुरगुरायचा," आजी म्हणाल्या. "लेक गेली त्या रात्रीपासून गप्प आहे. पंचेचाळीस वर्षं झाली."

"आजारी होती?"

"पाच वर्षांची होती हो. तीन रात्री उशाशी जागले आणि चौथ्या रात्री तिच्याच निळ्या पांघरुणात माझा डोळा लागला. खोकली असेल, हाक मारली असेल... मला जाग कशी आली नाही?"

डॉक्टरीणबाईंनी टेडी ठेवून घेतला.

संध्याकाळी त्यांनी त्याच्या पाठीची शिवण उसवली आणि त्यांचा हात थबकला. भुसा भरून शिवण बंद करताना शेवटची गाठ बाहेरच येते. आत मारायची तर शिवणाराच आत हवा. ही गाठ आत होती.

"असेल कुणाची तरी करामत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. आवाजाची डबी धडधाकट होती. तिच्या भोकांत कुणीतरी निळ्या पांघरुणाचा बोळा कोंबला होता. तो काढताच डबी गुरगुरली. बाईंनी पाठ शिवली, गाठ बाहेर मारली आणि टेडीला तीनदा बोलतं करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आजी जिना चढून आल्या त्या धापा टाकतच. टेडी टेबलावर होता. बाई आत पाणी आणायला गेल्या आणि परतल्या तोवर आजींना खुर्चीतच डुलकी लागली होती. त्यांची राखाडी शाल जमिनीवर लोळत होती.

बाईंनी टेडी आडवा करून उभा केला. आवाज नाही. पुन्हा केला... नाही.

पाठीवरची गाठ दिसेना. त्यांनी शिवण उसवली. गाठ आत होती आणि डबीत बोळा होता. राखाडी, ओला. शालीचं जमिनीजवळचं टोक बारीक दातांनी कुरतडलं होतं.

"बोलला का हो?" आजींनी डोळे उघडले.

बाईंना रडू आवरेना. "बोलतो, आजी. पण तुम्ही झोपलात की त्याचं तोंड कुणीतरी बंद करतं. तुमची झोप मोडू नये म्हणून... तेव्हा तिनं स्वतःचंही तोंड तसंच दाबून धरलं असेल."

आजींनी तो ओला बोळा मुठीत घेतला. मग सावकाश खाली वाकल्या.

"बाळा, आई जागी आहे गं," त्या टेबलाखाली बघत म्हणाल्या. "दाबून नको धरूस आता..."

खोलीत काहीच हललं नाही. मग टेबलाखालून, तोंडावर हात धरल्यासारखा, एक बारीक खोकला आला.