वामनच्या मेलची पोच

ओंकार, तो फोन ठेव खाली. तू काय केलंयस ते समीक्षानं मला सांगितलंय. त्या निळ्या खुणा बंद करून टाकल्यायस म्हणे, म्हणजे तू निरोप वाचलास की नाही ते समोरच्याला कळायलाच नको. काय पण हुशारी. आई तिकडे मुंबईत दोन दिवस उत्तराची वाट बघतेय आणि हा इथे पोलादपुरात माझ्या पडवीत बसून, वाचून न वाचल्यासारखं करतोय.

मी छत्तीस वर्षं महाडात टपाल वाटलं. रजिस्टर पत्र आलं की माणसानं सही करून घ्यायचं, नाहीतर माझ्या तोंडावर सांगायचं, नको. मग मी पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारायचो आणि पत्र परत जायचं. पाठवणाऱ्याला वाईट वाटायचं, पण कळायचं तरी. एक तर पोच यायची, नाहीतर पत्र. ना घेतलं, ना नाकारलं, असं लोंबकळत ठेवायची सोय आमच्याकडे नव्हती. ती तुमच्या शहाण्या यंत्रांनी केली.

मघाशी भुताची गोष्ट सांगा म्हणत होतात ना? आता ऐका.

"पोरांना कायतरी भलतं सांगू नका हां," ही तुमची आजी आतून बोलतेय. "मंग रातचं मोरीवर जायला कोन उठत नाय."

प्रयागबाई, तू झोप. खरं घडलेलं सांगतोय, मनचं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. चौदा नोव्हेंबर, शुक्रवार, कार्तिक वद्य दशमी. अमावास्या वगैरे काही नव्हती, साधी दशमी. रात्री सव्वानऊला अनिश पाठीला पिशवी अडकवून महाडात दत्तोपंतांच्या घरी गेला. अनिशचं महाडच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दत्तोपंतांच्याच आळीतला, माझ्या ओळखीचा, पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलं. पोरगा वाईट नाही, पण मिजास फार. त्याच्याकडे औषधं दोनच. बंद करून चालू करा, नाहीतर सगळं पुसून नव्यानं टाका. दोन्हींच्या आधी गिऱ्हाइकाला मूर्खात काढायचं.

दत्तोपंत म्हणजे निवृत्त सरकारी इंजिनिअर, वय चौऱ्याहत्तर. घरात बायको, अंबिकाकाकू, आणि हे. पुराचं पाणी खालच्या मजल्यावर आल्यापासून कॉम्प्युटर माडीवर. त्यात जुन्या काळचा मेलचा प्रोग्राम. आलेली सगळी पत्रं त्याच यंत्रात साठलेली, बाहेर कुठेही नाहीत. आठवडाभर तो प्रोग्राम उघडायला गेलं की तीन आकडे मोजेपर्यंत आपोआप मिटायचा. दत्तोपंतांची सोमवारी मुंबईत बायपास होती, शनिवारी सकाळी सातला गाडी सांगितलेली. त्याआधी त्यांना त्यातलं एक पत्र वाचायचं होतं. एकच.

ते पत्र त्यांच्या धाकट्या भावाचं, वामनचं. तेरा वर्षं न उघडलेलं.

आता हे दत्तोपंत काय चीज होते ते सांगतो. वामन बी.कॉम. झालेला. नोकरी सोडली आणि हिरकणीवाडीत, रायगडाच्या पायथ्याशी, रोपवेला येणाऱ्या लोकांसाठी पिठलं-भाकरीचं हॉटेल टाकलं. बायको शर्मिला भाकऱ्या थापायची, हा वाढायचा. आनंदात होता. पण दादासाहेबांची मान खाली गेली ना. माझा भाऊ लोकांची खरकटी उचलतो, म्हणून बोलणंच टाकलं. वामननं आईच्या वर्षश्राद्धाला बोलवायला रजिस्टर पत्र पाठवलं. ते मीच घेऊन गेलो होतो. दत्तोपंतांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि दार लावून घेतलं. शेरा मी या हातानं लिहिलाय. मला माणसाची इतकी किळस कधी आली नव्हती.

फोन उचलायचे नाहीत. एकदा चुकून उचलला, तेव्हा साहेबी थाटात म्हणाले, "जे काय असेल ते लेखी कळव." म्हणून ऑगस्ट २०१२ मध्ये वामन महाडच्या सायबर कॅफेत जाऊन बसला आणि त्यानं मेल पाठवली. दत्तोपंतांनी नाव बघितलं. उघडली नाही. सहाव्या दिवशी वामन मुंबईच्या एका इस्पितळात वारला. तेराव्याला हे जाऊन आले. शर्मिला दारात उभी राहून यांच्याकडे नुसती बघत होती. त्यानंतर पत्र उघडायची यांची छाती झाली नाही. लोकांना सांगायचे, त्याच्या पत्रात असणार काय. तुच्छता दाखवायचे, पण होती भीती. आणि आता स्वतःची छाती कापायची वेळ आली तेव्हा भाऊ आठवला.

तर अनिश माडीवर गेला. दत्तोपंत शेजारी खुर्ची टाकून बसले.

"कुठे शिकलास हे?"

"काका, हे प्रोग्राम आता म्युझियममध्ये असतात. कोण वापरतं?"

दोघंही सारखेच. एकमेकांना कमी लेखत काम सुरू झालं.

आधी बंद करून चालू केलं. प्रोग्राम उघडला, मिटला. मागून चिकटलेले अ‍ॅड-इन काढून टाकले. उघडला, मिटला. नवीन प्रोफाइल करून बघितलं, तेच. पत्रांच्या फाइलवर दुरुस्तीचं टूल लावलं, ते तासभर फिरत राहिलं आणि म्हणालं, दोष नाही. अंबिकाकाकू दोनदा चहा देऊन गेल्या. साडेअकराला अनिशनं प्रोग्राम सेफ मोडमध्ये, म्हणजे जास्तीचं सगळं बंद ठेवून, उघडला आणि तो उघडा राहिला.

"बघा. न वाचलेलं पत्र हा सगळ्यात वर ठेवतो. उघडला की ते बाजूच्या खिडकीत आपोआप दाखवायला जातो आणि तिथेच मरतो. आता ती खिडकी बंद केलीय." वर ठळक काळ्या अक्षरात एकच नाव होतं. वामन. "हेच ना? उघडू?"

"उघड."

अनिशनं माऊस दाबला. पत्र उघडायच्या आधी मध्येच एक चौकट आली. पाठवणाऱ्याला पोच हवी आहे. पाठवू का? खाली दोन बटणं. हो. नाही.

"नाही," दत्तोपंत म्हणाले. "मेलेल्या माणसाला कसली पोच द्यायची."

अनिशनं 'नाही' दाबलं. प्रोग्राम मिटला.

पुन्हा उघडला. तीच चौकट. नाही. मिटला.

मग अनिशच्या लक्षात आलं की रोग त्या चौकटीत आहे. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन लिहून टाकलं, पोच कधीही पाठवू नये, विचारूसुद्धा नये. वायफाय नव्हतंच, भिंतीतून येणारी नेटची एक वायर होती, तीही उपटली. आता कुठली पोच नि कुठलं काय. पत्रावर माऊस दाबला.

चौकट आली.

"काका, 'हो' दाबतो ना. नेट नाहीये. कुठे जाणार आहे ती?"

"मी जन्मात त्याला उत्तर दिलं नाही," दत्तोपंत म्हणाले. "आता तुझ्या यंत्रापायी देऊ?"

नाही. मिटला.

सव्वा वाजला. दत्तोपंत गोळी घ्यायला खाली गेले. आणि या अनिशनं काय केलं असेल? फाइलची कॉपी काढून ठेवली? छे. वामनचं पत्र निवडलं आणि पुसून टाकलं. मागच्या कचऱ्यातूनही पुसलं. म्हाताऱ्याला सांगायचं, पत्र सडलं होतं काका, गेलं, पण प्रोग्राम बघा कसा झकास चालतोय. मेलेल्या भावाचं एकुलतं एक पत्र. मला हे त्यानं मान खाली घालून सांगितलं, एवढीच त्याची लायकी शिल्लक होती.

त्यानं प्रोग्राम नव्यानं उघडला. सेफ मोडमध्ये नाही, सरळ.

वरती ठळक काळ्या अक्षरात... वामन.

माऊसला हात लावला नव्हता. तरी चौकट आली. पाठवू का?

अनिशनं वायरचं टोक उचलून हातात धरलं. खात्री करून घेतली. वायर हातात होती.

जिन्यावर पावलं वाजली. दत्तोपंत आणि मागून काकू. दत्तोपंत खुर्चीत बसले.

"काका... मी हे पुसलं होतं."



"नाही दाब," दत्तोपंत म्हणाले.

अनिशनं दाबलं. प्रोग्राम मिटला. आणि कुणी काही न करता... पुन्हा उघडला. चौकट.

नाही. मिटला. उघडला.

नाही...

अनिशनं हात मागे घेतला. यंत्राचा पंखा तेवढा फिरत होता. चौकट तशीच. थांबलेली.

दाराशी अंबिकाकाकू उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, हो म्हणा. तेरा वर्षं तो दारात उभा आहे."

दत्तोपंतांनी माऊस ओढून घेतला. मग त्यांनी 'हो' दाबलं.

पत्र उघडलं. चष्मा खाली राहिला होता, म्हणून अनिशनंच वाचून दाखवलं. त्याला ते पाठ झालंय.

"दादा, लेखी कळव म्हणालास म्हणून लेखी. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. रक्त ओ निगेटिव्ह लागतं आणि इथे कुणाचं जुळत नाही. घरात ते फक्त आपल्या दोघांचं आहे. एक बाटली पुरे, डॉक्टर म्हणाले. फोन तू घेणार नाहीस, म्हणून इथल्या मुलीकडून पोचेची खूण लावून घेतली आहे. पोच आली की तू द्यायला तयार आहेस असं मी धरून चालेन. तोवर वाट बघतो. वामन."

दत्तोपंतांनी तोंडावर हात घेतला. रडले म्हणे, लहान मुलासारखे, आवाज करून. मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

मग काकूंना म्हणाले, "मी तेव्हा हे वाचलं असतं तर... गेलो असतो का गं?"

"नसता गेलात," काकू म्हणाल्या.

अनिशनं पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडून बघितला. पोच गेलेली होती. रात्री एक वाजून बावन्न मिनिटांनी. वायर अजून त्याच्या डाव्या हातातच होती.

दत्तोपंतांनी दोघांना खाली जायला सांगितलं. मी इथेच बसतो म्हणाले. अनिशचं घर तिथून दोन मिनिटांवर, पण हा शूर गडी एकटा बाहेर पडायला तयार नव्हता. काकूंनी दाराला आतून कडी घातली, त्याला खालच्या खोलीत चादर दिली आणि त्या देवघरासमोर बसून राहिल्या.

त्याला झोप लागली नाही. तीनच्या सुमाराला वर खुर्ची सरकली. मग एक आवाज. हलका. समजूत घातल्यासारखा.

"मूठ आवळ..."

थोडा वेळ शांत.

"सोड..."

पुन्हा शांत.

"आवळ..."

अनिशला वाटलं, म्हातारा हाताचा व्यायाम करतोय. रात्री तीनला. असं वाटून घेतलं त्यानं, म्हणा. चादर डोक्यावरून ओढली. आवाज बराच वेळ चालला. आवळ... सोड... मग थांबला.

जिन्यावर कुणी उतरलं नाही. कडी वाजली नाही.

सकाळी सहाला काकू चहा घेऊन वर गेल्या, मागोमाग अनिश. प्रोग्राम उघडा होता, नीट चालत होता. त्यानंतर तो एकदाही मिटलेला नाही. दत्तोपंत खुर्चीत टेकून बसलेले. जागे होते, पण चेहरा पांढरा पडलेला, ओठसुद्धा.

"गाडी येईल आता," काकू म्हणाल्या. "चहा घ्या."

त्यांनी कपासाठी हात पुढे केला आणि सदऱ्याची बाही वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला, शिरेवर, कापसाचा बोळा होता. वरून पांढरी चिकटपट्टी, आडवी, सरावाच्या हातानं लावलेली. मधोमध तांबडा ठिपका.

घरात कापूस होता तो वातींपुरता. तसली पट्टी तर नव्हतीच.

"हे कुणी लावलं?" काकूंनी विचारलं.

दत्तोपंतांनी कप उचलून तोंडाला लावला.

काकूंनी वाकून ठिपक्याला बोट लावलं. रक्त अजून ओलं होतं.