लपणाबाहेरची हाक

जनावराला मोजता येत नाही, याच भरवशावर फोटोग्राफरचा धंदा चालायचा. कापडाच्या लपणात दोघांनी शिरायचं आणि एकानं उघड उघड निघून जायचं. अस्वलाला वाटतं, गेली माणसं! त्या दुपारीही तो मेहुण्याला घेऊन डोंगराच्या सोंडेवर चढला. निघताना बायकोनं दारातच बजावलं होतं, "एकुलता एक भाऊ आहे माझा. धड परत आणा, म्हणजे झालं."

"दाजी, आत घोरू नका हं. अस्वल पळायचं," असं चिडवत मेहुणा खाली गाडीकडे उतरला. त्यानं परत येऊन हाक मारेपर्यंत फोटोग्राफरनं बाहेर पडायचं नाही, असं ठरलेलं.

धुकं दाटलं. ओल्या कापडाचा कुबट वास सुटला. आणि अस्वल आलं! भलंथोरलं, निवांत मुळं उकरत. फोटोग्राफरनं श्वास रोखला, तोच ते मागच्या पायांवर उभं राहिलं. त्याची नजर कॅमेऱ्यावर नव्हतीच, लपणाच्या मागे होती. मग त्यानं जी धूम ठोकली!

"दाजी... चला," मागून मेहुण्याची हाक आली.

"घात केलास की रे!" वैतागून त्यानं कापडाच्या चेनला हात घातला, तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"दाजी, धुक्यात वाट दिसेना. मी गाडीतच बसलोय. निवळलं की येतो."

चेनवरचा हात तिथेच राहिला.

"दाजी... चला ना..." आता आवाज अगदी कापडाला लागून होता.

"कोण... कोण आहे?" तो कसाबसा पुटपुटला.

"कोण आहे?" बाहेरून उत्तर आलं. पण आता आवाज मेहुण्याचा नव्हता. त्याचा स्वतःचा होता.

मग पावलं दूर गेली. सुटलो बुवा, असं वाटून त्याला रडूच फुटलं. पण पावलं उताराला लागली होती, गाडीच्या वाटेला! त्यानं वॉकीटॉकी उचलला.

"अरे दाजी, उतरलातसुद्धा?" मेहुण्याचा हसरा आवाज आला. "थांबा, दार उघडतो."

"उघडू नकोस! तो मी नव्हे!" फोटोग्राफर जिवाच्या आकांतानं ओरडला. पण मेहुण्यानं बोलायचं बटण दाबूनच धरलं होतं. तोवर इकडचं अक्षरही तिकडे पोचणार नव्हतं.

दार उघडल्याचा आवाज आला. मग फोटोग्राफरला स्वतःचाच आवाज ऐकू आला, कधी नव्हे इतका प्रेमळ. "सरक बाळा... गाडी मी चालवतो."